चौथा खटका

आमच्या घरात एखादे यंत्र बंद पडले, की सगळेजण आधी माझ्याकडे पाहतात आणि मग एकमेकांकडे पाहतात. या दुसऱ्या पाहण्याचा अर्थ गेली पंचवीस वर्षे मी समजूनही न समजल्यासारखा वागत आलो आहे. इस्त्रीची वायर, मिक्सरचे कपलर, पंख्याचा कपॅसिटर, गळका नळ, इतक्या गोष्टींना माझा हात लागलेला आहे. आणि त्यांपैकी काहींच्या हकिगती या सदराच्या नेहमीच्या वाचकांनी सोसल्याही आहेत. एरवी दीड कॉलमात मला गाशा गुंडाळावा लागतो. दिवाळी अंक म्हणून संपादकांनी यंदा हात सैल सोडला आहे, तेव्हा एप्रिलपासून मनात घेऊन हिंडत असलेली एक हकिगत सांगून टाकतो.

हकिगत आमच्या घरच्या संगणकाची आहे. घरचा म्हणजे नुसता घरात असलेला नव्हे, घरात बनवलेला.

आमची कन्या चिमी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला होती. या शिक्षणाला पूर्वी पेन्सिल, टी-स्क्वेअर आणि जागरणे लागत. आता पेन्सिल आणि टी-स्क्वेअरच्या जागी संगणक आला आहे; जागरणे जशीच्या तशी राहिली आहेत. तिच्या जुन्या लॅपटॉपला ते काम झेपेना. तयार संगणकाच्या किमती ऐकून आमची ही दोन दिवस भाजीवाल्याशीसुद्धा कमी बोलली. मग चिमीनेच तोडगा काढला. सुटे भाग आणून घरी जोडला तर पैसे वाचतात आणि शिवाय आपल्याला हवा तसा होतो, असे तिचे म्हणणे. भागांची यादी तिने तयारच ठेवली होती. 'जोडणे' हा शब्द कानावर पडताच मी होकार देऊन बसलो होतो, हे सांगायला नकोच.

डोंबिवलीहून दादर, दादरहून ग्रँट रोड, आणि तिथून पायी लॅमिंग्टन रोड. या रस्त्याचे नाव डॉक्टर दादासाहेब भडकमकर मार्ग असे बदलून कित्येक वर्षे झाली. पण तिथे जाऊन कोणी भडकमकर मार्ग विचारील तर दुकानदार त्याला दवाखान्याचा पत्ता सांगतील अशी मला शंका आहे. हातभर रुंदीची दुकाने, छतापर्यंत रचलेली खोकी, आणि एकाच वेळी तीन गिऱ्हाइकांशी बोलणारी पोरे. चिमी यादी वाचत होती आणि मी मागे उभा राहून मान डोलावत होतो. प्रोसेसर, मदरबोर्ड, मेमरी, डिस्क, वीजपुरवठ्याचा डबा आणि या सगळ्यांना पोटात घेणारी लोखंडी पेटी. प्रोसेसर इंटेलचा होता, 'आय५-१२४००' नावाचा. त्याच्याच खोक्यात त्याला गार ठेवणारा एक लहानसा पंखा मिळतो. त्याला दुकानात कूलर म्हणतात. घरी आल्यावर आईने "कूलर आणलात ना?" म्हणून विचारले आणि तळहातावर मावणारी ती वस्तू पाहून तिची जी निराशा झाली, ती मी अजून विसरलेलो नाही. तिला वाटले होते, पुढच्या उन्हाळ्याची सोय झाली.

जोडणीचा मुहूर्त खंडेनवमीचा. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. हत्यारे म्हणजे दोन पान्हे, एक हातोडी, विळी आणि माझे स्क्रू-ड्रायव्हर. ताज्या हळदकुंकवाचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मी जमिनीवर बैठक मारली. प्रोसेसर चिमीने बसवला. त्याला बसवायचे असे काही नसतेच. कोपऱ्यावरची सोनेरी खूण जुळवून तो नुसता खाचेत अलगद ठेवायचा आणि वरची लोखंडी पट्टी कडी लावून बंद करायची. त्यानंतरचे काम, म्हणजे त्याच्या डोक्यावर पंखा बसवण्याचे, जोराचे होते, म्हणून ते मी माझ्याकडे घेतले.

हा पंखा ॲल्युमिनियमच्या पाकळ्यांच्या एका ठोकळ्यावर बसवलेला असतो. त्याला चार कोपऱ्यांत चार पाय, आणि प्रत्येक पायात प्लॅस्टिकची एक खुंटी. मदरबोर्डला चार भोके असतात. खुंट्या भोकांवर आणायच्या आणि अंगठ्याने दाबायच्या, एकदा या कोपऱ्यातली, मग तिच्या समोरच्या कोपऱ्यातली. नीट बसली की खुंटीचा 'खट्' असा आवाज होतो. खुंटीच्या डोक्यावर एक बाण असतो; त्या बाणाच्या दिशेने पाव वळसा दिला की खुंटी सुटते. म्हणजे तो काढताना द्यायचा वळसा आहे, बसवताना नव्हे. मी स्वभावाप्रमाणे, बसवण्याआधी चारही खुंट्या वळतात कशा ते फिरवून पाहिले होते.

मी दाबू लागलो. पहिली बसली, दुसरी बसली. तिसरीला बोर्ड जरा करकरला, आणि बोर्डाची किंमत आठवून माझ्या अंगठ्यातले बळ गेले. चौथी मी बेताने दाबली.

"बाबा, तीनच वाजले," चिमी म्हणाली.

"चार वाजून गेले," मी घड्याळाकडे पाहून म्हटले.

"तसं नव्हे हो. खटके तीनच वाजले."

"अगं, चौथा हळू वाजला असेल. बसलाय तो. बघ, हलतोय का?" मी पंखा हलवून दाखवला. तो हलला नाही. तीन खुंट्यांवर बसलेली वस्तू हलत नसते, स्टूलसुद्धा तीन पायांचे असते. संध्याकाळी संगणक सुरू झाला, पंखा फिरू लागला, आणि पेटीवर झेंडूचे फूल ठेवून आम्ही सगळ्यांनी श्रीखंड खाल्ले.

हिवाळाभर तक्रार नव्हती. चिमीची त्या वेळची कामे रेषा मारण्याची होती. खरी परीक्षा आली ती यंदाच्या एप्रिलमध्ये.

आर्किटेक्चरच्या मुलांना सत्राच्या शेवटी आपल्या कल्पनेतली इमारत परीक्षकांपुढे चित्रांनी उभी करावी लागते. ही चित्रे संगणक काढतो. त्याला रेंडरिंग म्हणतात. खिडकीतून आलेले ऊन फरशीवर कसे पडेल, फरशीवरून भिंतीवर किती उजेड उडेल, भिंतीचा रंग छताला किती लागेल, असा एकेका किरणाचा हिशेब त्याला करायचा असतो. एका चित्राला पाऊण तास लागतो, कधी दोन तास, आणि तेवढा वेळ प्रोसेसरच्या सहाही गाभ्यांना उसंत नसते. एका रात्री अकराच्या सुमारास चिमीच्या खोलीतून पंख्याचा घोंगावण्याचा आवाज येऊ लागला. थोड्या वेळाने तो थांबला, आणि पाठोपाठ "अरे देवा!" ऐकू आले. संगणक आपला आपण बंद पडला होता.

पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद पडला. तिने पडद्यावर एका कोपऱ्यात तापमान दाखवणारा आकडा उघडला. काम नसताना ५८. काम सुरू केल्याबरोबर १००.

शंभर अंश ही या प्रोसेसरची शेवटची पायरी आहे. तिथे पोचला की तो आपला वेग आपणच उतरवतो, म्हणजे मरत नाही, पण रखडतो. आणि त्यानेही भागले नाही तर जीव वाचवण्यासाठी स्वतःला बंद करून घेतो. पूर्वीच्या सगळ्याच प्रोसेसरांना ही अक्कल नव्हती. २००१ साली 'टॉम्स हार्डवेअर'वाल्यांनी चालू संगणकांवरचे हे धातूचे ठोकळे उचलून काय होते याची फिल्म काढली होती. त्यात पेंटियम ४ नुसता मंदावला आणि ॲथलॉनमधून धूर निघाला. ती फिल्म चिमीने मला दाखवली ती धीर देण्यासाठी. मला धीर आला नाही.

मला राग आला. त्याचे कारण भीती होते, हे आज कळते. एवढ्या पैशांची वस्तू आणि सहा महिन्यांत ही दशा! मी तिला बोललो. दिवसभर, रात्रभर यंत्र चालू ठेवायचे, टेबलाखाली कोंडून ठेवायचे, वर त्याच्यावर वह्या रचायच्या, माणूससुद्धा तापेल. वस्तू वापरण्याची एक रीत असते. ती तुमच्या पिढीला कोणी शिकवलीच नाही, वगैरे. यातले 'वगैरे' बरेच लांब होते. तिने एकदा म्हटले, "बाबा, हळूहळू चढत नाही हो ते. एकदम उडी मारतंय. तो पंख्याचा चौथा खटका एकदा बघायचा का?" त्यावर मी म्हटले, "तू पेटीला हात लावू नकोस. तुझा अभ्यास कर." अभ्यास त्याच पेटीत होता, हे तिने मला सांगितले नाही. ती खोलीत गेली. आमच्या दोघांत असे खटके फारसे उडत नाहीत, त्यामुळे घर दोन दिवस गप्प होते.

मी तपासाला लागलो. पहिला संशय धुळीवर. ब्लोअरने पेटीतली धूळ उडवली. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली होती, कारण वाऱ्याने ती भलत्या वेगाने फिरली तर बिघडण्याचा संभव असतो. एवढी काळजी मला घेता आली, याचे आता मलाच नवल वाटते. आकडा १००. दुसरा संशय कोंडमाऱ्यावर. पेटी टेबलाखालून काढून वर ठेवली, तिची एक बाजू उघडली आणि समोर टेबल फॅन लावला. हा टेबल फॅन आईचा. ती बयाऐंशीची आहे आणि डोंबिवलीचा एप्रिल काय असतो ते सांगण्याची गरज नाही. "दोनच दिवस," मी तिला म्हटले. ती काही बोलली नाही. पुठ्ठा घेऊन वारा घालत बसली. आकडा ९८ झाला. या दोन अंशांचा मला इतका आनंद झाला, की मी खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना तो सांगायला गेलो. त्यांनी विंडोज पुसून पुन्हा टाका म्हणून सल्ला दिला. हा सल्ला ते कोणत्याही दुखण्यावर देतात.

तिसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी पुन्हा लॅमिंग्टन रोड गाठला आणि पेटीला लावायचा आणखी एक पंखा घेतला. दुकानातल्या पोराने लक्षण विचारले. मी सांगितले. त्याने माझ्याकडे, माझ्या मुलीने पाहिले होते तसेच पाहिले, आणि म्हणाला, "साहेब, पेस्ट घेऊन जा. लागेल." मी म्हटले, नको. तो म्हणाला, "घ्या हो, लागेल." शेवटी एक चिमुकली पिचकारी त्याने माझ्या पिशवीत टाकलीच.

नवा पंखा लावला. वारा असा सुटला, की पेटीजवळ ठेवलेली बिले उडाली. आकडा ९९.

इथे थोडे थांबून ही गरमी काय प्रकरण आहे ते सांगतो. मला ते तेव्हा माहीत असते, तर आईचा पंखा तरी वाचला असता. हा प्रोसेसर नेहमीच्या जोमाच्या कामात सुमारे ६५ वॅट खातो आणि थोडा वेळ ११७ वॅटपर्यंत जातो. खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णता होते. म्हणजे जुना ६० वॅटचा पिवळा दिवा जेवढा तापे, तेवढा ताप, पण तो अंगठ्याच्या नखाएवढ्या तुकड्यात. संगणकाला ताप नवा नाही. अमेरिकेतल्या १९४६ सालच्या एनिॲकमध्ये सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते आणि तो १५० किलोवॅट वीज खाई. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेला टिफ्रॅकही व्हॉल्व्हचाच. पण त्यांचा ताप दिवाणखान्याएवढ्या जागेत पसरलेला असे. आमच्या पेटीतल्या तुकड्याला पसरायला जागाच नाही. त्याने आपली उष्णता डोक्यावरच्या धातूच्या ठोकळ्याला द्यायची, ठोकळ्याने पाकळ्यांना, पाकळ्यांनी वाऱ्याला. यातला पहिला हात सुटला, की पुढचे सगळे हात रिकामे.

आणि पहिला हात सुटायला फार लागत नाही. दोन धातूंचे तळ डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले, तरी बारकाईने पाहिले तर खडबडीत असतात. मधल्या फटींत हवा राहते, आणि तांबे ज्या मानाने उष्णता वाहून नेते, त्या मानाने हवा तिच्या सुमारे पंधरा हजारावा हिस्सा वाहते. ती हवा हुसकण्यासाठी मध्ये राखी रंगाचा लेप असतो. कारखान्यातून येणाऱ्या पंख्याच्या तळाला तो आधीच लावलेला असतो. लेप तांब्याच्या पासंगालाही पुरत नाही, पण हवेपेक्षा शेकडो पटींनी बरा. म्हणून तो पातळ हवा, आणि तो पातळ पसरावा एवढ्यासाठी ठोकळा चारही कोपऱ्यांनी घट्ट दाबलेला हवा.

त्या रात्री नऊच्या सुमारास संगणक पुन्हा बंद पडला. चिमीचे पाच चित्रांपैकी तिसरे चालू होते आणि सगळे सकाळी दहाच्या आत द्यायचे होते. ती काही न बोलता हिशेबाच्या कागदासारखा पांढरा चेहरा करून बसली होती. तेवढ्यात आई आली. तिला आपला पंखा परत हवा होता. दोन दिवसांचे चार झाले होते. टेबल फॅनची पिन काढताना तिने उघड्या पेटीत पाहिले आणि विचारले, "याच्या अंगात ताप आहे म्हणता तो कुठे?"

मी पाकळ्यांच्या ठोकळ्याकडे बोट दाखवले. लहान मुलाच्या कपाळाला लावतात तसा पालथा हात तिने त्या पाकळ्यांना कडेने लावला.

"हे तर गार आहे," आई म्हणाली.

"आता बंद आहे ना, आई."

"आत्ताच बंद पडलंय ना? शेगडीवरून उतरवलेलं पातेलं लगेच गार होतं का?" तिने पुन्हा हात लावला. "पातेलं टेकलेलंच नाही रे. पोचा आलेलं पातेलं कॉइलच्या शेगडीवर ठेवलं की अस्संच होतं. खाली शेगडी लाल, वर दूध थंड."

एवढे बोलून ती पंखा उचलून घेऊन गेली. मी चिमीकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

मी वायर उपसली, पेटी आडवी केली आणि बॅटरी पाजळून आत डोकावलो. तीन खुंट्यांच्या डोक्यांवरचे बाण एका तऱ्हेने होते. चौथ्या, खालच्या कोपऱ्यातल्या खुंटीचा बाण पाव वळसा फिरलेला होता. फिरवून पाहताना बाकीच्या तिन्ही मी जागेवर आणल्या होत्या. ही तशीच सुटी राहिली होती. बोर्डाच्या पलीकडच्या बाजूने पाहिले, तर तीन खुंट्यांची काळी टोके फाकून बाहेर आलेली, आणि चौथीचे टोक भोकात नुसते उभे. खंडेनवमीपासून तो कोपरा वर उचललेला होता. धुळीचा त्यात दोष नव्हता, कोंडमाऱ्याचा नव्हता, वह्यांचा नव्हता.

आता खरे सांगायचे तर याच वेळी माझ्या मनात एक विचार येऊन गेला. चिमी तोंड धुवायला गेली होती. खुंटी सरळ करून दाबली असती, तर कोणाला काही कळले नसते. नवा पंखा लावलेलाच होता. त्यानेच गुण आला म्हणता आले असते. लॅमिंग्टन रोडची खेप सत्कारणी लागली असती, आणि आईसुद्धा पातेल्याचे विसरून गेली असती. बाहेर नळ बंद झाल्याचा आवाज आला तोपर्यंत माझा अंगठा खुंटीवर होता.

मी अंगठा काढला आणि हाक मारली. "चिमे, इकडे ये. तुझं खरं होतं. तीनच वाजले होते."

ती शेजारी येऊन बसली आणि बॅटरीच्या उजेडात बराच वेळ पाहत राहिली. मला वाटले, आता ऐकावे लागणार. पण ती म्हणाली, "नुसता दाबून चालणार नाही, बाबा. लेप वाळलाय. काढून पुन्हा लावायला हवा." पिशवीतली ती पिचकारी मी काढून दिली. त्या दुकानातल्या पोराचे मी मनातल्या मनात पाय धरले.

ठोकळा उचलला, तर तळावरचा लेप तीन कोपऱ्यांकडे पातळ पसरलेला आणि चौथ्याकडे बाजरीच्या पिठासारखा जाड राहिलेला. औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल घरात होते. ते आईच्या साखरेच्या तपासणीसाठी आणलेले. त्याने दोन्ही तळ पुसून लख्ख केले. मग प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याएवढा लेप ठेवला. तो बोटाने पसरवायचा नाही. ठोकळा दाबला की आपोआप पसरतो. खुंट्या चिमीने दाबल्या. मी बोर्ड खालून धरून बसलो होतो. एक. तिच्या समोरची, दोन. तीन. चौथीला तिने दोन्ही अंगठे लावले, आणि जो आवाज झाला तो स्वयंपाकघरात हिला ऐकू आला. "काय मोडलं?" तिने विचारले.

काम नसताना ३९. काम सुरू केल्यावर आकडा चढू लागला, पण आता उडी मारत नव्हता. जिना चढावा तसा एकेक पायरी चढत होता. ठोकळा आधी तापत होता आणि मगच आकडा. पंधरा मिनिटांनी तो ८१ वर थांबला आणि तिथेच राहिला. आईने पुन्हा येऊन हात लावला आणि चटकन मागे घेतला. "हं," ती म्हणाली, "आता लागलं."

रात्रभर आम्ही दोघे बसलो. म्हणजे ती बसली. मी दर तासाने चहा करून दिला आणि आकडा मोठ्याने वाचला. सकाळपर्यंत पाचांपैकी चार चित्रे झाली. पाचवे, इमारतीच्या अंगणाचे, जे तिला सगळ्यांत आवडते होते, अर्धे राहिले. तिने त्याच्या जागी हाताने काढलेले पेन्सिलचे चित्र लावले. परीक्षकांनी त्याचे गुण कापले. किती कापले ते तिने मला सांगितले नाही, आणि मी विचारले तेव्हा "थोडे" म्हणाली. गुणपत्रिका आली तेव्हा मला कळले, की थोडे नव्हते. मी तिला सांगितले, की त्या चार दिवसांपूर्वी तू म्हणालीस तेव्हाच मी पेटी उघडली असती, तर अंगण झाले असते. ती म्हणाली, "हो."

एवढेच म्हणाली. 'जाऊ द्या' म्हणाली नाही. मला त्या वेळी ते थोडे लागले, पण खोटे काही बोलण्यापेक्षा ते बरे, असे नंतर वाटत गेले. वह्यांबद्दल आणि पिढीबद्दल मी जे बोललो होतो, ते सगळे एका रविवारी मी तिच्याजवळ परत घेतले. म्हणजे जेवढे आठवले तेवढे. तिला जास्त आठवत होते.

गेल्या महिन्यात तिने संगणकाला आणखी मेमरी आणली. पुढच्या वर्षाच्या कामाला लागते म्हणे. मेमरीची पट्टी उभ्या खाचेत बसवायची असते आणि दोन्ही टोकांना दाबली की तिथल्या कड्या आपोआप मिटतात. या वेळी स्क्रू-ड्रायव्हर तिच्या हातात होता. माझ्याकडे बॅटरी धरण्याचे काम होते. दुपारची वेळ, सगळीकडे निवांत. तिने पट्टी खाचेवर धरली, एक टोक दाबले, मग दुसरे.

"दोन वाजले," ती म्हणाली.

"दोन," मी म्हटले.

आतून आईने विचारले, "दोनच? मग चहाला अजून वेळ आहे म्हणायचा."